बंपरमागचा पाईप

आमच्या घरात सगळ्यात मोठा आवाज आईचा होता. ती पनवेलच्या एका प्राथमिक शाळेत मराठी शिकवायची, आणि शाळा सुटली तरी तिचं शिकवणं सुटायचं नाही. सकाळी डोळे उघडायच्या आत स्वयंपाकघरातून तिचं बोलणं कानावर यायचं. दुधाशी, कुकरशी, खिडकीच्या गजावर बसणाऱ्या कावळ्याशी आणि कुणीच नसलं तर स्वतःशीच. 'मी तुला बोललो' असं कुणी म्हटलं की ती हातातलं काम थांबवायची. "तुला बोललो नाही. तुला म्हणालो, नाहीतर तुझ्याशी बोललो." गॅसचं सिलिंडर आणणारा माणूससुद्धा तिच्यापुढे वाक्य जुळवून मगच तोंड उघडायचा. बाबा याच्या अगदी उलट. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात त्यांनी सगळी नोकरी काढली, तिथे काय बोलत होते देव जाणे. घरी मात्र त्यांचं निम्मं बोलणं मान हलवण्यातच होत असे. माझी थोरली बहीण लिया लग्न करून इस्रायलला गेली होती. तिचा फोन आला की रिसीव्हर आईच्या हातात आणि बाबा शेजारी खुर्ची ओढून बसलेले. आई बोलायची, लिया बोलायची, आणि शेवटी आई विचारायची, "तुम्हाला काही सांगायचंय का?" बाबा म्हणायचे, "तू सांगितलंस की सगळं."

शुक्रवारचा दिवस आमच्याकडे वेगळा असायचा, कारण त्या संध्याकाळी आमचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस, सुरू व्हायचा. आई शाळेतून लवकर यायची. भिजवलेल्या काळ्या मनुका कुस्करून त्यांचा रस गाळून ठेवायची, नारळाचं दूध काढायची. मासे उरणकडच्या एका कोळिणीकडून घ्यायची. आमच्या घरात कोळंबी, कुर्ल्या कधी येत नाहीत, खवल्यांचाच मासा लागतो, हे त्या बाईला आईइतकंच पाठ होतं. ओट्यावर पाटी उतरवून ती मासा उलटा धरायची. "खवलं बघून घे बाय, मागनं बोलू नको." आई म्हणायची, "मागून म्हणू नको." दोघी हसायच्या. संध्याकाळी बाबा डोक्यावर टोपी घालून मशिदीत जायचे. आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू लोक, आमच्या प्रार्थनाघराला पूर्वीपासून मशीदच म्हणत आलो. ते परत येईपर्यंत आईने काचेच्या पेल्यात पाण्यावर तेल घालून वात लावलेली असायची. त्या वातीपुढे मात्र ती गप्प बसायची. आठवड्यातून तेवढीच दहा मिनिटं.

मी डिप्लोमा करून बसलो होतो आणि गोव्याच्या रस्त्यावर, शिरढोणच्या अलीकडे, बाळारामदादाच्या गॅरेजात काम करत होतो. बाळारामदादा त्याच भागातला आगरी माणूस, चाळिशीचा. पूर्वी घरची भातशेती होती. ती प्रकल्पात गेल्यावर त्याने पत्र्याची शेड टाकून गॅरेज काढलं. इंजिनाला कान लावून दोष सांगायचा. मला ते जमत नव्हतं, पण माझ्याकडे पुस्तकं होती, परदेशी मासिकं होती. त्यांतच मी कोल्ड एअर इन्टेकबद्दल वाचलं. गाडीला कंपनीतून जो हवेचा काळा डबा येतो तो काढून टाकायचा. त्याच्या जागी ॲल्युमिनियमचा रुंद पाईप बसवायचा आणि पाईपाच्या टोकाला शंकूसारखा मोठा फिल्टर लावायचा. हे टोक इंजिनाच्या गरम हवेपासून जितकं लांब, तितकं चांगलं. थंड हवा दाट असते, दाट हवेत पेट्रोल जोरात जळतं, गाडी जोरात पळते. हे सगळं खरं आहे. किती जोरात, ते मी तेव्हा विचारलं नाही.

त्या पाईपाने खरं तर एकच गोष्ट ठळकपणे बदलायची, ती म्हणजे आवाज. पाय दाबला की बॉनेटखालून एक खोल घुरघुर उठायची. मूळ डब्यात ती कोंडलेली असते. तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्या हातावर काटा आला होता. खारघरला तेव्हा इमारतींपेक्षा मोकळे रस्ते जास्त होते. रविवारी सकाळी तिथे कॉलेजातली मुलं गाड्या घेऊन जमायची. त्यांच्यातल्या कितीतरी गाड्यांना मी पाईप बसवले. बाळारामदादा बाजूला उभा राहून बघायचा आणि विड्या ओढायचा. आपला विश्वास नसला तरी गिऱ्हाईक येतंय म्हटल्यावर तो काही बोलायचा नाही. लोक मला नावाने शोधत येऊ लागले. वयाच्या चोविसाव्या वर्षी माणसाला आणखी काय हवं असतं?

घरची गाडी पांढरी, पेट्रोलवर चालणारी, चार दारांची. बाबा निवृत्त झाल्यावर घेतलेली. तिच्यावर मी सगळ्यात जास्त मेहनत केली. मुलांच्या गाड्यांना पाईप बॉनेटखालीच, हेडलाईटच्या मागे संपायचा. आमच्या गाडीचा मी आतल्या पत्र्यातून खाली उतरवला आणि थेट पुढच्या बंपरच्या मागे, फॉग लाईटच्या भोकाशी नेऊन ठेवला. तिथे समोरची ताजी हवा थेट फिल्टरवर यायची. वेल्डिंग माझं, बाक माझा, मापं माझी. जमिनीपासून ते टोक माझ्या गुडघ्याच्याही खाली होतं.

बाळारामदादाने गाडीखाली वाकून बघितलं आणि बराच वेळ तो तसाच वाकलेला राहिला.

"एल्या, इतका खाली कशाला नेलास?"

"थंड हवा तिथेच मिळते, दादा."

"हवा मिलेल. पन पावसाल्यान पानी वढील ती. इंजिनान पानी गेला का खेल खलास. आपला पनवेल हाय ह्यो."

"पावसाच्या आधी जुना डबा परत लावणार आहे मी."

"लाव मग. इसरू नको."

बाबांना मी फेरी मारायला नेलं. ते काच खाली करून बसले. महामार्गाला लागल्यावर मी पाय दाबला. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "आवाज बदलला रे." मी विचारलं, "आवडला?" त्यांनी मान हलवली. त्या आठवड्यात मशिदीतून घरी येताना ते कुणाला तरी सांगत होते की आमच्या एलीने गाडीचं इंजिन सुधारलं. बाबांनी माझ्याबद्दल बाहेर कुणाला काही सांगितल्याचं मी तेव्हा प्रथमच ऐकलं, आणि नंतर पुन्हा कधी ऐकलं नाही.

मे गेला, जून आला. जुना काळा डबा माळ्यावर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेला होता. तो खाली काढून बसवायला मला एक दुपार पुरली असती. बाळारामदादाने एकदा आठवण केली, मग आणखी एकदा. मी तो का लावला नाही, हे मला नीट सांगता येतं, आणि ते सांगायचं म्हणूनच हे प्रकरण लिहितो आहे. मी विसरलो नव्हतो. कामाची गर्दीही नव्हती. पावसाळ्यात हवा गार आणि दाट झाली आणि गाडी उन्हाळ्यापेक्षा छान पळू लागली, आवाज आणखी भरदार झाला. म्हणून मी तो पाईप ठेवला. रोज सकाळी आभाळ बघायचो आणि म्हणायचो, पुढच्या रविवारी काढू.

ऑगस्टमधला तो शुक्रवार होता. तीन दिवस पावसाने तोंड मिटलं नव्हतं. शाळेला सुट्टी दिलेली, त्यामुळे आई सकाळपासून घरात आणि तिचं बोलणंही. दुपारी मी ओटीवर बसलो होतो. ती आतून लियाच्या धाकट्या मुलीबद्दल काहीतरी सांगत होती. ती पोर मराठी समजते पण बोलत नाही, पुढच्या फोनला तिला एक कविता पाठ करायला लावते की नाही बघ, असं काहीसं. वाक्य मधेच थांबलं. ते मला आधी कळलं, झारा पडल्याचा आवाज त्यानंतर आला. मी आत गेलो तर ती ओट्याला धरून उभी होती. तोंडाचा एक कोपरा खाली ओढलेला. ती माझ्याकडे बघून बोलत होती, पण त्यात शब्द नव्हते. तव्यावर सुरमई करपत होती. मी आधी गॅस बंद केला. तेवढ्यानेही वेळ गेला, असं आता वाटतं. बाकी इतका वेळ गेला की त्या एका क्षणाचा हिशेब मांडण्यात अर्थ नाही, तरी वाटतं.

शेजारचे डॉक्टर भिजत आले. त्यांनी तिला हात उचलायला सांगितले. डावा उचलला गेला, उजवा नाही. ते बाबांना बाजूला घेऊन म्हणाले, "मेंदूचा प्रकार दिसतोय. इथे ठेवू नका. बेलापूरकडे मोठ्या हॉस्पिटलात मशीन आहे, तिकडे न्या, आणि लगेच न्या." गावातली रुग्णवाहिका पाण्यात कुठेतरी अडकली होती. मी म्हणालो, "आपली गाडी आहे." बाबांनी आईला मागच्या सीटवर घेतलं, तिचं डोकं मांडीवर ठेवलं. मी चावी फिरवली. पहिल्या झटक्याला इंजिन लागलं, आणि खरं सांगतो, त्या क्षणीसुद्धा तो आवाज ऐकून मला धीर आला.

कळंबोलीच्या अलीकडे रस्ता खोलगट होता. तिथे पाणी साचलेलं, गढूळ, खाली काय आहे ते दिसत नव्हतं. गाड्या थांबल्या होत्या. आमच्यापुढे अगदी आमच्यासारखीच एक गाडी होती, त्याच कंपनीची, तेच मॉडेल, फक्त रंग चंदेरी. तिने दिवे लावले, पहिल्या गियरमध्ये हळूहळू पाण्यात उतरली आणि दोन्ही बाजूंना लाटा काढत पलीकडे चढली. तिचे मागचे दिवे चढावर लाल दिसले. बाबा मागून म्हणाले, "ती गेली. चल."

मला माहीत होतं. हे वाक्य मी इतक्या वर्षांत कुणापुढे उच्चारलेलं नाही. पाण्याची उंची त्या चंदेरी गाडीच्या चाकांवर मी बघितली होती, आणि माझा पाईप कुठे संपतो ते माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पण मागे वळलो असतो तर बाबांना कारण सांगावं लागलं असतं. मी मनात म्हटलं, हळू नेली तर निघेल. मी पाण्यात गाडी घातली. निम्म्यावर गेलो असेन. घुरघुरीत एक गुळगुळ मिसळली, मग आतून एकच ठोका आला, लोखंडावर घण मारल्यासारखा, आणि सगळं बंद पडलं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी गेलं की आतला दांडा वाकतो, आणि मग ते इंजिन जागच्या जागी मरतं. मी तरी चावी फिरवत राहिलो. पाण्याचा आणि पावसाचा आवाज होता, आणि मागे आईचा. ती काहीतरी विचारत होती. शेवटी चढणारा सूर प्रश्नाचाच होता.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"पाणी गेलं आत," मी म्हणालो.

"ती गाडी गेली की."

 दार उघडलं तसं पाणी सीटपर्यंत आलं. मी गुडघ्याच्या वर आलेल्या पाण्यात उभा राहून हात दाखवत होतो. ट्रक जात होते, त्यांच्या लाटांनी गाडी हलत होती. कुणी थांबेना. थांबवण्यासारखी जागाही नव्हती, ते खरं. किती वेळ गेला ते मला आजही माहीत नाही. शेवटी जवळच्या गावातली चार माणसं पाण्यातून आली. त्यांच्याकडे कुठल्याशा टपरीवरची लाल प्लॅस्टिकची खुर्ची होती. आईला त्यांनी खुर्चीत बसवलं, साडीच्या पदराने पाठीशी बांधलं आणि खांद्याच्या वर उचललं. पुढचा माणूस पायाने खड्डे चाचपत चालत होता आणि मागच्यांना सांगत होता, "हलू… हितं दगड हाय." बाबा खुर्चीचा पाय धरून बाजूने चालत होते. टोपी भिजून डोक्याला चिकटली होती. पलीकडे एका रेतीच्या डंपरच्या केबिनमध्ये त्यांनी तिला चढवलं. त्या माणसांची नावं मी विचारली नाहीत. हॉस्पिटलात पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. घरी वात लावायला कुणी नव्हतं.

डॉक्टर वयाने माझ्याएवढेच असतील. फोटो दिव्यावर धरून त्यांनी दाखवला. डाव्या बाजूला एक करडा डाग होता. "हा भाषेचा भाग," ते म्हणाले. बाबांनी विचारलं, "लवकर आणलं असतं तर?" "सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. " दुपारी आणलं असतं तर औषध देऊन बघता आलं असतं. उपयोग झाला असता असं मी छातीठोक सांगणार नाही." हे वाक्य मी पुढे हजार वेळा मनात फिरवलं. झाला असता, असं ते म्हणाले नाहीत. झाला नसता, असंही म्हणाले नाहीत. त्यांनी मला कुठेच उभं राहायला जागा ठेवली नाही.

आई वाचली. तीन आठवड्यांनी घरी आली. उजवा हात गेला होता, पाय ओढत चालायची. तिच्याकडे एकच शब्द उरला होता: 'बरोबर'. मुलांच्या वह्यांवर तीस वर्षं लिहिलेला. पाणी हवं असलं तरी 'बरोबर', डोकं दुखलं तरी 'बरोबर', रागाने पेला ढकलून दिला तरी 'बरोबर'. आपल्याला दुसरं काही म्हणायचं होतं हे तिला कळायचं. शब्द बाहेर पडला की ती स्वतःच दचकायची, डाव्या हाताने तोंडावर मारायची. बाबा आणि मी तो हात धरायला शिकलो. शाळेतल्या बाया भेटायला येत, एक-दोनदा आल्या, मग थांबल्या. कोळीण मात्र येत राहिली. ओट्यावर मासा उलटा धरून खवलं दाखवायची, आणि मुद्दाम चुकीचं बोलायची, आई सुधारील म्हणून. आई तिच्या तोंडाकडे बघत बसायची. काही महिन्यांनी तीही गप्प मासे देऊन जाऊ लागली.

लियाचा फोन यायचा. आई रिसीव्हर कानाला लावायची, पलीकडचं सगळं ऐकायची, आणि तो एक शब्द निघू नये म्हणून ओठ दाबून धरायची. मग रिसीव्हर बाबांकडे द्यायची. आता त्यांना बोलावं लागायचं. जेवण झालं, पाऊस आहे, एली बरा आहे. लियाला आम्ही सांगितलं होतं की गाडी पुरात बंद पडली. ते खरंच होतं.

तिसऱ्या वर्षी एका दुपारी बाबा पेन्शनच्या कामाला गेले होते. आईच्या पायाला तेल लावता लावता मी तिला सगळं सांगितलं. पाईप कुठे होता, बाळारामदादा काय म्हणाला होता, डबा माळ्यावर होता, ती चंदेरी गाडी. तिने ऐकलं. तिला सगळं समजायचं, त्यात शंका नव्हती. तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं, आणि मग म्हणाली, "बरोबर." तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं नाही. तिने तोंडावर हात मारला नाही, एवढंच मी पाहिलं. त्यावरूनही मी पुढे वर्षानुवर्षं दोन्ही अर्थ काढले.

गॅरेज मी आई आजारी पडली त्याच पावसाळ्यात सोडलं. एका औषधाच्या गोदामात हिशेबनीस झालो आणि तिथूनच निवृत्तीला आलो आहे. लग्नाची बोलणी दोनदा झाली, दोन्ही वेळा घरातली परिस्थिती बघून ती माणसं परत आली नाहीत. मीही पाठपुरावा केला नाही. मधल्या काळात ओळखीच्या एका इंजिनियरने मला त्याच्या कारखान्यातलं इंजिनाची ताकद मोजायचं यंत्र दाखवलं, तेव्हा मी सहज विचारावं तसं विचारलं. तो म्हणाला, "त्या पाईपांनी? एक-दोन घोड्यांचा फरक पडला तर पडला. लोक आवाजासाठी बसवतात." मी चहा संपवून निघालो.

आई अकरा वर्षं तशी जगली. ती गेली तेव्हा लिया येऊ शकली नाही. दहनाचा आमच्यात प्रश्नच नाही. दफनाला दहा माणसं जमायला हवीत, तेवढी पनवेलमध्ये जेमतेम जमली. नंतरचे सुतकाचे सात दिवस बाबा आणि मी जमिनीवर सतरंजी टाकून बसलो. लोक येत, उकडलेली अंडी आणि भाकऱ्या आणत, जात. पाचव्या दिवशी दुपारी कुणी नव्हतं. पंखा फिरत होता. मी म्हणालो, "बाबा, त्या दिवशी गाडी बंद पडली ती माझ्यामुळे. तो पाईप मी खाली नेला होता."

ते भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी मान हलवली.

"माहीत आहे मला. तुझ्या बाळारामने त्याच आठवड्यात येऊन सांगितलं. हॉस्पिटलात."

 मी विचारलं, "मग तुम्ही कधी बोलला का नाहीत?"

"तू सांगशील म्हणून थांबलो. वर्षभर थांबलो. दोन वर्षं थांबलो असेन." ते तळहाताकडे बघत होते. "मग तुझ्याशी काय बोलायचं तेच कळेनासं झालं."

"राग आहे का?"

"होता. खूप होता. ती झोपली की यायचा. आता नाही. आता काही नाही, एली. आता सांगून तू माझ्याकडून काय घेणार आहेस?"

दारात कुणीतरी चपला काढल्याचा आवाज झाला आणि ते सरळ होऊन बसले.

त्यानंतर बाबा चार वर्षं होते. आम्ही दोघं रोज एकाच टेबलावर जेवलो. मीठ पुरे आहे का, डॉक्टरची वेळ किती वाजताची, वीज कधी येणार, एवढं आम्ही बोलत असू. दोघंही एकमेकांशी अगदी नीट वागलो.